मेश्रामकाकांची थोरली, बनवारीजींची धाकटी

आपलं म्हणणं कोणी मान्य केलं की माणसाला बरं वाटतं. मेश्रामकाकांचा मात्र पारा चढायचा. "बरोबर आहे काका," असं म्हणायचा अवकाश, ते आपल्या हातातला फोटो काढून घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "तू काऊन हो म्हणून राह्यली?"

या प्रश्नाला काय उत्तर देणार? मी हो म्हणायची कारण रविवार असायचा, खाली कपडे भिजत घातलेले असायचे, नळाचं पाणी जायची वेळ झालेली असायची, आणि समोर धरलेल्या दोन फोटोंत मला तसूभरही फरक दिसत नसायचा. पण असं म्हणण्याचीही सोय नव्हती. "फरक दिसत नाही" म्हटलं तर काका डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता द्यायचे.

जयपूरला रेल्वेचं नवं मोठं ऑफिस झालं तेव्हा भुसावळहून बदली होऊन जी माणसं आली, त्यांत मी एक. नवऱ्याची नोकरी तिकडची, तो तिकडेच राहिला. कॉलनीत क्वार्टर मिळेना, म्हणून मुरलीपुऱ्यात मेश्रामकाकांच्या घराचा खालचा मजला भाड्याने घेतला. वर काका आणि काकू राहायचे. काका नागपूरचे, सिग्नल इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालेले. शेवटची वर्षं जयपूरला गेली, घर इथेच बांधलं, आणि मूलबाळ नसल्यामुळे 'आता गावी चला' म्हणणारंही कोणी नव्हतं. एवढी सगळी माहिती काकूंनी पहिल्याच दिवशी, पाण्याच्या वेळा सांगता सांगता दिली. काकांनी फक्त एकच गोष्ट विचारली, "डोळे चांगले हायेत ना तुझे?"

मला वाटलं, वडीलधारा माणूस आहे, विचारपूस करतोय. पुढच्या रविवारी कळलं की ती नेमणूक होती.

काकांकडे एक जुना जर्मन कॅमेरा होता. रेंजफाइंडर जातीचा. त्याच्या खिडकीतून पाहिलं की एका माणसाच्या जागी दोन अंधूक माणसं दिसतात. लेन्सचं कडं फिरवत ती दोन एकावर एक आणायची आणि मग बटण दाबायचं. मला ते कधीच जमलं नाही. या कॅमेऱ्यावर काकांची लेन्स होती साठ सालची. पितळी, जड, हातात घेतली की चांगलं वजन लागायचं. त्याच कंपनीने तीच लेन्स पुढे तीसेक वर्षांनी नव्याने काढली. माप तेच, बसणार त्याच कॅमेऱ्यावर, पण आतली काच निराळी आणि काचेवरचा मुलामा निराळा. ही नवी लेन्स होती बनवारीजींकडे. काकांनी जुनीला थोरली म्हणायचं ठरवलं आणि नवीला धाकटी. काकू म्हणायच्या, "दोन दोन सवती आणून बसवल्या माह्या उरावर. एक घरची, एक रविवारची."

बनवारीजींचा चौमू पुलियाजवळ फोटो स्टुडिओ होता. जाडजूड, हसरा माणूस, गळ्यात कायम रुमाल. लग्नाचे फोटो काढणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं आणि विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या कारखान्यांसाठी ते पंपांचे, बेअरिंगचे, नटबोल्टांचे फोटो काढायचे. "दुल्हन हिलती है, बहनजी," ते मला सांगायचे, "बेरिंग नहीं हिलता." त्यांना फोटोत नटाचे आटे मोजता आले पाहिजेत, म्हणून धाकटी प्रिय. काकांनी उभ्या नोकरीत दिवे आणि तारा पाहिल्या होत्या, म्हणून की काय, त्यांना फोटोत माणसंच हवी असायची. म्हणून थोरली.

दर रविवारी सकाळी बनवारीजींची स्कूटर दाराशी थांबायची. दोघं गच्चीवर जायचे. गच्चीच्या भिंतीवर नागपूरहून टपालाने येणारा शिळा मराठी पेपर चिकटवलेला असायचा, जमिनीवर खडूची खूण असायची आणि त्या खुणेवर स्टँड. आधी पेपरचा फोटो थोरलीने, मग तोच धाकटीने. त्यानंतर स्टुलावर बसायची पाळी माझी. "हलू नको. हसू नको. ऑफिसात बसते तशी बस." थोरलीचा एक, धाकटीचा एक. पुढच्या रविवारी प्रिंट यायचे आणि भांडण सुरू व्हायचं.

भांडण म्हणजे साधंसुधं नव्हे. काकांचं म्हणणं, थोरलीत चेहऱ्यावर ऊन मुरतं. बनवारीजींचं म्हणणं, ऊन मुरत नाही, काच जुनी आहे म्हणून फोटोवर पांढरट साय येते. मग बनवारीजी पेपरच्या फोटोचा कोपरा दाखवायचे. धाकटीच्या फोटोत कोपऱ्यातली बारीक जाहिरातसुद्धा वाचता येते, थोरलीच्या फोटोत तिथे नुसत्या मुंग्या. यावर काका म्हणायचे, "माणूस काय फोटोत जाहिराती वाचते? नागपुरात धंतोलीतला ब्लॉक घ्यायचा हाय का तुले?" बनवारीजींना यातलं अर्धंच कळायचं, पण ते अख्ख्याचं उत्तर द्यायचे. काकूंचा चहा जायचा, पोहे जायचे, ऊन गच्चीच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं, निकाल काही लागायचा नाही.

त्यात नावांचा घोळ. बनवारीजींच्या तोंडी 'धाकटी' बसेना. ते म्हणायचे 'धाकड़'. म्हणजे दांडगी. आणि थोरलीचं केलं होतं थोडकी या अर्थाचं 'थोड़ली'.

"अजी मेसराम साब," ते मांडीवर थाप मारून म्हणायचे, "थे खुद ही बोलो छो, म्हारी धाकड़, थांकी थोड़ली. फेर झगड़ो कांई बात को?"

"धाकड नाही रे बावा, धाकटी! धाकटी! छोटी बहन!"

"हां तो छोटी है, पर धाकड़ है."

काका कपाळावर हात मारून घ्यायचे. मला ते सगळं फार पोरकट वाटायचं. दोन म्हातारी माणसं, एवढीशी काच, आणि माझा अख्खा रविवार. कधी मध्ये पडून मी म्हणायची, "काका, मला थोरलीच आवडते," की काका हात झटकायचे. "तू नको बोलू. भाडेकरूचं मत धरत नाहीत." खरं म्हणजे मला थोरली आवडायची ती एकाच कारणाने. धाकटीच्या फोटोत माझी हनुवटी दोनदा यायची.

या दोघींपायी एकदा काकूंना त्रास झाला, तो मात्र हसण्यावारी नेता आला नाही. बुद्धपौर्णिमेला आम्ही मराठी माणसं रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये जमायचो. वंदना झाली, खीर वाटून झाली. छावणीतल्या कांबळे सुभेदारांच्या पत्नी काकांच्या शेजारी येऊन बसल्या. त्या साताऱ्याकडच्या, जयपुरात नव्याने आलेल्या, आणि धाकट्या भावासाठी मुलगी बघत होत्या. काका तेव्हा मला थोरली-धाकटीचंच काहीतरी ऐकवत होते. तेवढं त्यांच्या कानावर पडलं.

"आवो काका," त्या खिरीची वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "तुमच्या धाकटीचं कुठं ठरलंय का?"

इतक्या वर्षांत काकांना धाकटीबद्दल आपण होऊन कोणी विचारलं नव्हतं. ते एकदम सरसावून बसले. "ठरायचं काय? मी तर बापा तोंडावर सांगतो. दिसायले धाकटी लख्ख हाय, पण कडक. समोरच्याच्या चेहऱ्याले दयामाया नाही दाखवत."

"आता पोरींचं आसतंय तसं. आनि थोरली?"

"थोरली मऊ. पण जुनी हाय ना. साठची."

"साठ?" कांबळेबाई म्हणाल्या.

"त्याच्या आसपासच. मधे तिले आतून बुरशी लागली होती. मुंबईले पाठवली, पूर्ण उघडून साफ करून आणली. आता ठीक हाय." मी काकांची बाही ओढत होते, पण सिग्नल पडलेला होता, गाडी थांबणार नव्हती. "आणि धाकटी काही माझी नाही. ती बनवारीची. तो दर रविवारी तिले माझ्याकडे घेऊन येते."

कांबळेबाईंनी वाटी उचलली आणि पदर सावरत त्या उठल्याच. मग मी त्यांच्या मागे धावले, सगळं समजावून सांगितलं, आणि थोड्या वेळाने अख्खा हॉल हसत होता. कांबळेबाईंनी डोळे पुसत सगळ्यांसमोर विचारलं, "मग पोरी किती हो काका तुमाला खरोखरच्या?"

"एकबी नाही," काका म्हणाले. तेही हसत होते.

काकू पाणी प्यायला म्हणून उठल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत. मी पाहायला गेले तर मागच्या पायरीवर हॉलकडे पाठ करून बसल्या होत्या. पुढच्या रविवारी गच्चीवर नेहमीसारखं भांडण झालं, पण काका थोरली-धाकटी न म्हणता 'जुनी' आणि 'नवी' म्हणत होते. बनवारीजींना काही कळेना. त्यांनी दोनदा विचारलं, "धाकड़ कठै गई?" मग काकूच आतून ओरडल्या, "म्हणा ना हो नावानं! त्या बिचाऱ्या काचेनं काय केलं?"

पुढे पुढे फोटोंचे दिवसच फिरले. कारखानेवाल्यांना सकाळी काढलेला फोटो दुपारी कॉम्प्युटरवर हवा असायचा. बनवारीजींच्या मुलाने डिजिटल कॅमेरा घेतला, स्टुडिओची पाटी बदलली. बनवारीजी दुकानात एका बाजूला खुर्ची टाकून बसायला लागले. काळ्या-पांढऱ्या फिल्मचे रोल मिळेनात. मिळाले तर लॅबवाला धुवायला आठवडेच्या आठवडे लावायचा. पण रविवारी स्कूटर यायची. रोल नसला तर दोघं जुनेच फोटो काढून बसायचे आणि जुनंच भांडण नव्याने भांडायचे. थंडी पडली की गच्चीवर चादरी अंगावर घेऊन भांडायचे. बनवारीजींचा आवाज बसत चालला होता, जिना चढताना ते मध्येच थांबायचे. ते थांबले की काका वरून ओरडायचे, "ये ना बे, का धाकटीसंगं तुलेबी उचलून आणू?"

त्या वर्षी धुकं फार होतं. एका रविवारी स्कूटर आली नाही. काका फाटकापाशी उभे होते. दुपारी बनवारीजींचा मुलगा स्वतः सांगायला आला. झोपेतच गेले, म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तिकडे बैठक असते. माणसं येतात, सतरंजीवर थोडा वेळ बसतात, हात जोडून निघतात. काका, काकू आणि मी गेलो. काका बसले ते उठेचनात. लोक आले, गेले, सतरंज्या गोळा व्हायला लागल्या, तरी हे भिंतीला टेकून बसलेले. शेवटी मुलाने आतून बनवारीजींचा गळ्यातला रुमाल आणला. त्यात धाकटी गुंडाळलेली होती. "काकाजी, हमारे तो अब किसी काम की नहीं," तो म्हणाला, "आप रख लो." काकांनी ती घेतली आणि खिशात ठेवली. मला त्या मुलाचा राग आला. चुकीचं असं तो काहीच बोलला नव्हता, तरी आला.

आता दोघी काकांच्या घरी होत्या. पण मेश्रामकाका सुधारले नाहीत, उलट बिघडले. कुठून तरी एक रोल मिळवला, भिंतीवर पेपर लावला, मला स्टुलावर बसवलं, आणि प्रिंट आल्यावर विचारलं, "कोणती चांगली?"

"थोरली," मी म्हणाले. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाले.

"काऊन?"

"तुम्हीच म्हणता ना, ऊन मुरतं."

"मी म्हणतो म्हणून? आपली अक्कल नाही का तुले?"

मग ते दूधवाल्याकडे गेले. तो म्हणाला, आप सही कहते हो. मीटरचं रीडिंग घेणारा आला, तोही म्हणाला, आप सही कहते हो. समोरचे शर्माजी तर फोटो न बघताच म्हणाले. म्हाताऱ्या माणसाशी कोण वाद घालतं? सगळे मान डोलवायचे, दोन मिनिटं थांबायचे आणि आपापल्या कामाला जायचे. काका फोटोंची पाकिटं घेऊन वर जायचे. हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं. रविवारी ते गच्चीवर जायचे, पण वरून आवाज यायचा नाही. मला आयती शांतता मिळाली होती, आणि ती सोसवत नव्हती. कपडे धुताना मी नळ बंद करून वरची चाहूल घ्यायची.

एका रविवारी काकू खाली आल्या. दारातच उभ्या राहिल्या, पदराने हात पुसत.

"कुंदा, तू भांड ना वो त्यायच्याशी."

"कोणाशी?"

"माह्याशी नाही, ह्यायच्याशी. सगळे हो हो म्हणते त्यायले. जेवण जाऊन नाही राह्यलं. मी भांडते, पण मी मिठावरून भांडते, दुधावरून भांडते. भिंगातलं मले काय समजते?" त्यांनी फाटकाकडे पाहिलं. "तो होता तर तासन् तास बोलत होते. मी कितीक शिव्या दिल्या असतील त्याच्या स्कूटरले."

मी कपडे तसेच टाकून वर गेले. काका गच्चीवर खुर्चीत बसले होते. दोन्ही लेन्स समोरच्या स्टुलावर, झाकणं लावलेल्या. भिंतीवरचा पेपर उन्हाने पिवळा पडून एका कोपऱ्यात सुटला होता. मी कठड्याला टेकले.

"काका, मी खूप विचार केला," मी म्हणाले. "थोरलीत काही अर्थ नाही. धाकटीच चांगली."

माझी कल्पना होती की ते उसळतील. ते फक्त म्हणाले, "हाय ना."

"काय?"

"धाकटीच चांगली हाय. मले पयल्याच वर्षी समजलं होतं. कोपरे पाह्य तिचे. काळं कसं काळं येते. थोरली चांगली हाय, नाही असं नाही. पण धाकटीसमोर ती काय टिकते?"

"मग इतकी वर्षं तुम्ही भांडत होतात ते?"

"तो मोठ्या घरचा माणूस, बाई. तीन भाऊ, पुतणे, नातवंडं, दुकान." काका झाकणावरची धूळ अंगठ्याने पुसत होते. "मी हो म्हटलं असतं, त्याचं काम झालं असतं. मग रविवारी तो माझ्याकडे कायले आला असता?"

खाली कोणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता. मला फार वाईट वाटलं. पण काकूंनी मला वर रडायला पाठवलं नव्हतं. मी फोटोसाठी बसायची ते रिकामं स्टूल ओढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसले.

"मला नाही पटत," मी म्हणाले. "धाकटी नाही. मी बदलते माझं. थोरलीच चांगली."

त्यांनी मान वर केली. "काऊन?"

एवढे रविवार मी त्या स्टुलावर बसले होते, पण कान खालच्या नळाकडे लावून. उलटून म्हणावं असं एक वाक्य मला येत नव्हतं. काका वाट बघत होते. मग खुर्चीतून जरा पुढे वाकले आणि कोणी ऐकू नये अशा बेताने, हळू आवाजात म्हणाले, "असं म्हण, की माणसाचा फोटो अन् नटबोल्टचा फोटो यात फरक हाय का नाही."

"माणसाचा फोटो आणि नटबोल्टचा फोटो," मी म्हणाले, "यात काही फरक आहे का नाही?"

"नाही!" काका ओरडले, आणि खुर्ची पुढे ओढली. "साफ चूक! आता सांगतो तुले!"